बुरुजाचे धुतलेले दगड

दगड कधी खोटं बोलत नाही, असं मी बावीस वर्षं इतिहासाच्या वर्गात सांगत आलोय. दगड खरंही बोलत नाही, हे पहिल्याच वर्षी एका मुलीनं दाखवून दिलं होतं. पण वाक्य चांगलं होतं, म्हणून ठेवलं.

त्याच वाक्याच्या जोरावर मी नळदुर्गजवळच्या आमच्या गावात बुरूज-दुरुस्ती समितीचा अध्यक्ष झालो. बुरूज खाली काळ्या दगडाचा, वर विटांचा. त्याची दर्शनी बाजू पोट सुटल्यासारखी पुढं आली होती. सोमलिंग मिस्त्रींनी महिनाभर खपून ती उतरवली. प्रत्येक दगडावर गेरूनं रांग आणि नंबर घालून तो मैदानात मांडला. ज्या जागेचा दगड, त्याच जागी परत बसवायचा होता.

मिस्त्री अक्कलकोटकडचे. आकडे कानडीत घालतात. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पुरातत्त्व खात्याचे साहेब तपासणीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी मैदानात गेलो. दगडांवर लाल वेटोळी, लाल फराटे. मजुरांनी पान खाऊन बोटं पुसलीत, असं मी ठरवलं. टँकर मागवला, स्वतः पाइप धरला, काथ्यानं घासून घेतलं. दगड असे उजळले की मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "नंबर कुठंयत?"

मिस्त्रींनी दगडांकडं पाहिलं. मग ओल्या मातीतल्या टँकरच्या चाकोरीकडं. मग माझ्याकडं.

"गेरूनं घातले होते, साहेब. तेलरंग दगडातून निघत न्हाय."

"मग आता कुठला दगड कुठं लावणार? कपाळाला?"

"चुकलं, साहेब."

त्यांची बायको नागूबाई बाजूला चुना चाळत होती. "व्हय, चुकलंच," ती म्हणाली. "राखण बसवाय पायजे होती. शिकलेल्या माणसांचा काय भरवसा?"

"गप बस. सर हैत."

सर होते. सर बुरुजावर उगवलेल्या पिंपळाचं निरीक्षण करत होते. पिंपळ वीतभर होता. निरीक्षण लगेच संपलं, तरी मी चालू ठेवलं.

मिस्त्रींचं काम तिथंच गेलं.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ते दगड घडवायच्या टाकीला धार लावत होते.

"मिस्त्री, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमी सोताच घ्याल वाटलं, सर."

नागूबाईनं चहा दिला. तो प्यावा लागला.

तिथून थेट ऑफिसात गेलो. "साहेब, दगड मी धुतले."

"माहीतंय की, सर. तुम्हीच ग्रुपवर फोटो टाकला होता, पाइप धरून."

"मग मिस्त्रींना का बोललात?"

"अध्यक्षांना कसं बोलणार?"

"त्यांना परत घ्या. मी लेखी देतो."

"आता ऑर्डर निघाली, सर."

नव्या ठेकेदारानं सोमवारी मशीन आणलं आणि सगळे दगड एका मापात कापून घेतले.