आजोबांचे दात

बाबांच्या घरात आरामखुर्ची एकच होती, आणि तिच्यात आता कुत्रा बसायचा. लेक दर रविवारी यायची. दाराशी चपला काढताना पहिली नजर त्या खुर्चीकडे जायची आणि आठवडाभर निवलेलं सगळं पुन्हा तापायचं.

खुर्चीमागं बाबांचा हिशेब होता. पाच वर्षांपूर्वी त्यांनी हा कुत्रा टेनिसच्या मैदानावरून आणला, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांनी झिजलेले दात बघून वय सांगितलं नऊ. कुत्र्याची नऊ वर्षं म्हणजे माणसाची पन्नाशी उलटली, असा तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर होता. बाबांनी तो मनावर घेतला. लेक तेव्हा पंचेचाळिशीची, म्हणून कुत्रा तिचा दादा ठरला. पुढं दरवर्षी तक्ता बघून बाबा त्याला नात्यात बढती देत गेले. दादाचा काका झाला. यंदा त्यानं पंचाहत्तरीच्या बाबांनाच मागं टाकलं, आणि तो झाला आजोबा. वडीलधाऱ्याचा मान म्हणून खुर्ची त्याला गेली. बाबा स्टुलावर आले.

आई गेल्यापासून बाबांनी आपल्याकडे राहायला यावं म्हणून लेकीनं खोली तयार ठेवली होती. न्हाणीघरात धरायला दांडाही बसवून घेतला होता. बाबांचं उत्तर ठरलेलं, आजोबांचं एकदा होऊ दे, या वयात त्यांना नवी जागा मानवायची नाही. त्यामुळे फोनवर बाबा म्हणाले की आजोबा थकलेत, की तिला हलकं वाटायचं. मग लाजही वाटायची. पण आधी हलकंच वाटायचं.

एकदा तिनं आपला गुडघा धरल्याचं सांगितलं. बाबांनी अगदी मनापासून विचारलं, आजोबांचं मलम शिल्लक आहे, लावतेस का?

त्या रविवारी बाबा दूध आणायला खाली गेले होते. ती चहाचा कप घेऊन उभी, आणि समोरच्या गच्चीच्या कठड्यावर मांजर आलं. आजोबा खुर्चीतून बाणासारखे सुटले, दोन पाय खिडकीत रोवले आणि तारस्वरात भुंकले. मांजर पळालं. तेवढ्यात जिन्यावर बाबांची पावलं वाजली. आजोबा टुणकन खुर्चीत परत, मान पुढच्या पायांवर, मागचा एक पाय थरथरता.

"सोंगाड्या," ती पुटपुटली. तिनं कप ठेवला आणि त्याचा जबडा उघडला.

दातांचं तिला कोण सांगणार? ती माणसांच्या कवळ्या बनवायची. तिच्या बाकावर पॉलिशचं चाक होतं. त्यावर दात जास्त वेळ धरला की तो असाच सपाट आणि गुळगुळीत व्हायचा. वयानं झिजलेले दात वेगळे दिसतात, त्यांच्याबरोबर हिरड्याही मागं सरतात. याच्या हिरड्या घट्ट होत्या, डोळेही नितळ. टेनिसचा चेंडू, त्यावरची लव, लवेत अडकलेली वाळू, आणि मैदानावर असताना दिवसभर तो तोंडात. चाकच की ते. कुत्रा आला तेव्हा फार तर तीन-चार वर्षांचा असणार.

म्हणजे अजून कितीतरी वर्षं. गप्प बसावं, असं तिला क्षणभर वाटलं. गप्प बसूनही तो मरणार नव्हताच, पण बाबांना ही आनंदाची बातमी आपण का द्यावी?

बाबा आले. दूध ठेवून धापा टाकत त्यांनी कुत्र्याला उचललं, पाण्याच्या भांड्यापाशी नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "सावकाश, आजोबा." ते ऐकून तिच्यानं राहवेना. त्यांना फसल्यासारखं वाटावं, एवढीच तिची इच्छा होती. तिनं मांजरापासून चेंडूपर्यंत सगळं सांगितलं.

"आजोबा कसले, बाबा? तो माझ्या वयाचा आहे."

बाबा हसतील, नाहीतर चिडतील, असं तिला वाटलं होतं. ते स्टुलावर बसले आणि तिचीच चूक निघावी अशा आशेनं पुन्हापुन्हा विचारू लागले. हिरड्या नक्की बघितल्यास? डोळे? तिनं दर वेळी मान हलवली. मग ते कुत्र्याकडे वळले.

"म्हणजे मी आधी जाणार," ते म्हणाले. "मग याला कोण बघणार गं?"

त्यांच्या आवाजात अशी काळजी तिनं आजवर फक्त कुत्र्याच्या आजारपणात ऐकली होती. आताही ती कुत्र्यासाठीच होती. पण विचारलं तिला होतं.

कुत्रा पाणी पिऊन खुर्चीकडे निघाला होता. ती त्याच्याआधी पोचली आणि खुर्चीवर हात ठेवून उभी राहिली.

"दोघंही या माझ्याकडे," ती म्हणाली. "पण खुर्चीत तुम्ही बसायचं. आणि जिना त्यानं स्वतःच्या पायांनी चढायचा."

बाबांनी कुत्र्याकडे बघितलं. "ऐकलंस का रे, ताई काय म्हणते?"