छत्तीस मिनिटं

त्या विमानतळावर तिला सगळे काटेवालीच म्हणत, कारण प्रवाशांचं सामान वजनकाट्यावर चढवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. विमानतळ म्हणजे तरी काय, एक धावपट्टी, एक खोली आणि दुपारची दोन विमानं. ती उडाली की बाकीचे जेवायला पांगत. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा नेमका तेव्हाच आला आणि त्यानं आतून कडी लावली.

"ताई, कुठल्या विमानात बसवलंत तिला?"

माणूस मोठा आदबशीर. बायकोचे दोन दात पाडले त्या दिवशीही त्यानं फोन करून ताईंची खुशाली विचारली होती.

डोंगरापलीकडे दोन विमानतळ होते, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. रस्त्यानं सात तासांचा वळसा. पण दोन्हींच्या मधोमध त्याचा भाऊ जीप घेऊन तयार होता. तिथून कुठलाही विमानतळ पाव तासावर. बहीण दक्षिणेच्या विमानात होती. फलकावर दोन्हींची पंचावन्न मिनिटं लिहितात, हवेचा भरवसा नसतो म्हणून. एरवी दोन्हीकडे विमान छत्तीस मिनिटांत टेकतं, हे काटेवालीला पाठ होतं. बहिणीचं विमान सुटून सहा मिनिटं झाली होती; उत्तरेचं त्याच्याही दहा मिनिटं आधी उडालं होतं.

खोटं तर बोलायचंच होतं. पण मार न खाता बोललेलं खोटं या माणसाला पटलं नसतं. शिवाय लवकर बोललं असतं, तर भाऊ उत्तरेला जाऊन हात हलवत परतला असता, आणि उतरल्यावर अर्ध्या तासानं सुटणाऱ्या बसची वाट बघत बहीण दक्षिणेला दारातच सापडली असती. पंचविसाव्या मिनिटापर्यंत तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं.

पहिल्या थपडेत ओठ फुटला. मग त्यानं केस धरून तिचं डोकं काट्यावर आपटलं. आकडा अठरावर जाऊन थरथरला.

"बोला ताई. मला हात उचलायला आवडत नाही."

"मग खिशात घाला की."

या विनोदापायी डावी करंगळी गेली. कट् आवाज येईपर्यंत त्यानं ती मागं वाकवली. मग लाथा सुरू झाल्या. विसाव्या मिनिटाला खरं अगदी जिभेवर आलं, तेव्हा तिनं स्वतःचा दंड चावून धरला. भिंतीवरचं घड्याळ ढिम्म हलत नव्हतं.

"उत्तरेला," पंचविसाव्या मिनिटाला ती रडत म्हणाली. "उत्तरेला पाठवलं. मारू नका." रडणं मात्र खोटं नव्हतं.

त्यानं फलक पाहिला. उत्तरेच्या विमानाला अजून वीस मिनिटं आहेत असं समजून त्यानं भावाला फोन लावला आणि खुर्चीत बसला. "आधीच सांगितलं असतंत तर?" तो हळहळला. ती सरपटत भिंतीशी गेली. विमानाच्या चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे तिथं पडले होते.

पाव तासानं फोन वाजला.

"नाही? विमान कधीच आलं? अरे, नीट बघ!" तो वळला. "ताई, खोटं बोललात?"

"हो," ती म्हणाली. बहीण उतरली होती, आणि भाऊ दक्षिणेला पोचेपर्यंत तिची बस सुटलेली असणार होती. आता मार खायला काही कारण उरलं नव्हतं. मोडक्या बोटासकट दोन्ही हातांनी तिनं ठोकळा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला.

दार तीन पावलांवर होतं. ती गेली नाही. तो "ताई, ताई" करत असताना तिनं दुसरा घाव घातला. तिसऱ्याला तिला बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.