काशीच्या पाठीवरचं खोगीर

"भार कण्यावर टेकू देऊ नको. दोन्ही अंगांनी पेल, मधली वाट मोकळी ठेव."

शेवटचा टाका घालून नरसिंग जीनगरांनी माझ्यावर थाप मारली आणि एवढं सांगितलं. मित्रांनो, ते शब्द माझ्यासाठी होते. मी खोगीर आहे. आता जुनं, कुबट, खुंटीवर लटकलेलं. उदगीरच्या एका अरुंद गल्लीत माझा जन्म झाला. इतर खोगिरांपेक्षा मी रुंद आहे, त्याला कारण धुरपताबाई.

धुरपताबाई देवणीच्या पलीकडच्या एका वाडीतल्या सुईण. अंगानं थोर. खाण्यानं नव्हे, देवानंच तशी घडवलेली. गुडघे लवकर गेले आणि बाळंतिणींची हाक तर चारी दिशांनी यायची. म्हणून त्यांनी माळेगावच्या जत्रेतून रुंद पाठीची, दणकट पायांची काशी घोडी आणली. नरसिंगांपुढं त्या संकोचून म्हणाल्या, "दादा, माझ्याकडं बघूनच माप घ्या."

"तुमचं माप कशाला, बाई? माप घोडीचं. जनावर तुमच्याजोगं बघून आणलंय, लई बरं केलं. आता वजन एका जागी रुतू न्हाई, एवढं मी बघतो."

त्यांनी दोन लांब गाद्या शिवल्या, त्यांत वाळवलेलं पवन्या गवत काठीनं ठासून भरलं. दोन्ही गाद्यांच्या मधोमध, काशीच्या कण्यावर, पोकळ वाट ठेवली. वर लाकडी कमान आणि कातडं. ती पोकळ वाट राखणं हाच माझा धर्म.

धुरपताबाई नेहमी मारुतीच्या ओट्यावरून बसत, म्हणजे मला एका अंगाला ओढ बसत नसे. चढ आला की उतरत आणि लगाम धरून, धापा टाकत चालत. मुक्कामी पोचल्या की आधी काशीच्या पाठीवरून हात फिरवत, मगच हात धुऊन बाळंतिणीकडं जात. लोक मात्र हसत. पाणवठ्यावर व्यंकटराव एकदा म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेला तुम्हीच घोडीला पाठीवर घ्या. तिलाबी जरा मुलूख दिसंल."

"घेते की. पर मग यायला उशीर हुईल. तुमच्या सुनेच्या बाळाला जरा दम धर म्हणून सांगून ठेवा."

सगळा पाणवठा हसला. व्यंकटरावही हसले.

ते दिवस चांगले होते. मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधी कडबा संपला, मग छपरावरचं गवतही जनावरांपुढं टाकलं गेलं, मग झाडांचा पाला. धुरपताबाईंची सून गुणाबाई हिचा रोजचा एक नेम होता. मुक्या जिवाच्या तोंडात घास घातल्याशिवाय आपण अन्नाला हात लावायचा नाही. बऱ्या दिवसांत हा नेम सोपा वाटे. आता घालायला घासच नव्हता, म्हणून तीही उपाशी राहू लागली. गोठ्यात काशी खुंट्याचं लाकूड चाटत उभी असे.

एका दुपारी घरात कुणी नसताना गुणाबाईनं मला खाली घेतलं आणि विळ्यानं माझी शिवण उसवली. मित्रांनो, बिनकामाची माणसं गोळा झाली की 'सगळी खोगीरभरती' असं तुम्ही म्हणता ना? तिनंही तो शब्द लहानपणापासून तसाच ऐकलेला.

"भरतीच तर हाय," ती पुटपुटली. "जीव तरी जगंल हिचा."

तिनं मूठमूठ गवत काशीला चारलं. काशीनं तिचा तळहातसुद्धा चाटून पुसला. मग गुणाबाईनं माझ्या पोटात जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, टाके घातले, हात जोडले आणि भाकरीचा तुकडा मोडला. तिच्या मनात पाप नव्हतं. म्हणूनच हे सांगताना मला जड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या दुष्काळी कामावरून माणूस धावत आला. सिंधू नावाच्या मजूर बाईला खडी फोडता फोडता कळा सुरू झाल्या होत्या, आणि मूल आडवं होतं. काशी रोडावल्यापासून धुरपताबाई तिच्यावर बसतच नव्हत्या. पण आज चालत जाऊन ती बाई जिवंत सापडली नसती. गुणाबाई पाण्याच्या रांगेत होती. धुरपताबाईंनी मला कसलं. वरून माझं पोट भरलेलंच दिसत होतं.

"माय काशे, आजचा दिवस ने मला."

चिंध्या गवतासारख्या ताठ राहत नाहीत, मित्रांनो. थोड्याच वेळात त्या दबल्या, एका कोपऱ्यात गोळा झाल्या. मधली वाट बुजली आणि लाकडी कमान कण्यावर टेकली. मला ते कळत होतं. पण मला तोंड नाही. काशीला होतं, तरी ती एकदाही थांबली नाही.

सिंधू वाचली, तिचं लेकरूही वाचलं. परतताना धुरपताबाई उतरून चालत आल्या. घरी मला काढलं, तेव्हा माझ्याबरोबर काशीची कातडीही आली. त्यांनी माझ्या फाटक्या शिवणीत बोटं घातली आणि आपल्याच लुगड्याचा काठ बाहेर ओढला.

गुणाबाई दारात उभी होती. "आत्याबाई, ती उपाशी व्हती ओ..."

"व्हय माय. घास दिलास. पर तिच्याच पाठीवरून काढून दिलास."

त्या काशीची जखम धुवायला बसल्या. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला. उपाशी अंगाला जखम भरायला काही शिल्लकच नसतं. काशी बसली ती उठली नाही. तिच्या कपाळावर हात ठेवून गुणाबाई म्हणाली, "पाठ बघितल्याबिगर कुणावर बसणार न्हाई. अन् आत्याबाईला आलेली हाक कधी रिकामी जाऊ देणार न्हाई."

धुरपताबाई पुन्हा घोड्यावर बसल्या नाहीत. काही दारांशी त्या वेळेत पोचल्या, काही दारांशी रडारड सुरू झाल्यावर. त्या गेल्या, तोवर गुणाबाईच्या हाताला सारी विद्या आली होती. पुढं वय वाढलं तशी तीही सासूसारखीच जड झाली.

मित्रांनो, थोर अंगाच्या माणसानं घोड्यावर बसू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. जनावर तोलाचं हवं, खोगीर भरलेलं हवं आणि चढावर उतरण्याची माया हवी. जे दिसत नाही ते बिनकामाचं, असं मात्र समजू नका.

दुष्काळानंतर दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला, त्या पंधरा ऑगस्टला वाडीतली निम्मी माणसं ट्रकनं समारंभाला गेली होती. तेवढ्यात डोंगराकडच्या तांड्यावरून श्रीमंत नावाचा गडी आपलं तट्टू घेऊन आला. बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या.

"कामून जीप मागवली न्हाई?" कुणीतरी विचारलं. "आता जिल्हा झालाय की!"

"जिल्हा लातूरला झालाय बाबा, आमच्या तांड्याला न्हाई. बसा मावशी, लवकर चला."

गुणाबाईनं मला खुंटीवरून काढून तट्टावर ठेवलं. माझ्या आणि त्याच्या कण्याच्या मधे हात सरकवून पाहिला. माझ्या पोटात अजून त्याच चिंध्या होत्या; बोटसुद्धा शिरेना. तट्टूही लहान चणीचं होतं.

"बसा ओ, एवढ्यानं काय हुतंय त्याला!" श्रीमंत रडकुंडीला आला होता.

तिनं मला उचलून परत खुंटीवर लावलं. पिशवी खांद्याला अडकवली, पदर खोचला. "तू पुढं हो, पाणी तापत ठेव," ती म्हणाली. मग दाराच्या चौकटीला हात टेकून गुडघे सरळ केले, आणि डोंगराच्या वाटेला चालू लागली.