मास्तरांनी बेतलेले पंख

मी बटण्या बोलतोय. जरा भरभर बोलतो, कारण माझ्या पिंजऱ्याचं दार सताड उघडं आहे आणि तीन माणसं मी उडायची वाट बघत उभी आहेत. पाण्याच्या टाकीमागचं हे मैदान. कडेला उंच झाडं, झाडांवर माझ्यासारखेच हिरवे पोपट, वर सकाळचं कोवळं ऊन. कुणालाही वाटेल, काय नशीबवान पाखरू आहे. अडचण एकच आहे. मला उडता येत नाही. तिघांपैकी एकीला हे ठाऊक आहे, आणि नेमकी तीच आज बोलायची नाही असं ठरवून आली आहे.

तिघं म्हणजे मास्तर, बाई आणि समोरच्या काकू. मास्तर शिंपी आहेत. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या. बाई म्हणजे मास्तरांची बायको, काज-बटण त्या करतात. काकूंचं दार आमच्या दारासमोर. ते कायम वीतभर उघडं असतं. वाऱ्यासाठी, असं त्या म्हणतात.

जन्माचं विचाराल तर मला काही आठवत नाही, डोळेच उघडले नव्हते. काकूंकडून ऐकलेलं सांगतो. त्या एखादी गोष्ट सांगतात तेव्हा निदान दहा वेळा सांगतात, त्यामुळे चुकायची भीती नाही. रस्त्यावरचं झाड तारांना लागतं म्हणून वीजवाल्यांनी छाटलं. फांदी पडली, तिच्या ढोलीत आम्ही दोन भाऊ. अंगावर पीस नाही, पोटं फुगलेली. मास्तरांच्या मुलीनं, आमच्या ताईनं, आम्हाला रुमालात उचलून आणलं. बटणांचं रिकामं खोकं, त्यात चिंध्या, वर मशीनचा छोटा दिवा. हे आमचं घरटं. माझं नावही त्या खोक्यावरूनच पडलं.

मास्तरांनी एका चमच्याच्या दोन्ही कडा पक्कडीनं वर वळवून दिल्या, चोचीच्या मापाच्या. ताई दर तीन तासांनी पातळ लापशी भरवायची. तिसऱ्या दिवशी लापशी गार झाली होती. गार घास पिल्लाच्या पोटात पुढे सरकत नाही, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. माझा भाऊ त्यात गेला. त्यानंतर प्रत्येक चमचा ताई आधी मनगटावर टेकवून बघायची. मी जगलो तो त्या मनगटामुळे.

भूक लागली की मी पोट टेकून बसायचो, दोन्ही पंख अर्धवट पसरून थरथरवायचो आणि चिरक्या आवाजात मागायचो. सगळीच पिल्लं तशी मागतात. "आलं हं, बटण्या, आलं," ताई म्हणायची आणि खरंच यायचं. पंख थरथरवले की कुणीतरी धावून येतं, जगाविषयी मी शिकलेली ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट चोचीची. आम्हाला हात नाहीत. गरम, मऊ, कडक, आपलं, परकं, सगळं चोचीनंच कळतं. पिसं फुटायला लागली, काड्यांसारखी टोचरी, तसा मी दिसेल ते कुरतडू लागलो. टेप, खडू, मास्तरांचं बोट. मास्तरांना त्याचं भारी कौतुक. गिऱ्हाईक आलं की बोट पुढे करायचे. "चाव रे. अजून जोरात. बघू तुझी ताकद." मी चावायचो, ते हसायचे, गिऱ्हाईक हसायचं. चावलं की माणसं खूश होतात, असं मी मनात नोंदवून ठेवलं. पिल्लाला काय कळतं, आज ज्याला हसतात त्यालाच उद्या मार पडतो ते?

वर्षाचा झालो तेव्हा बोलायला लागलो. ताई मला गोड गोड शब्द शिकवत बसायची, पण माझ्या तोंडी बसलं ते दुकानातलं. मास्तर दिवसातून वीस वेळा म्हणायचे तेच, "उद्या या." एकदा एक गृहस्थ पँट न्यायला आले. पँट इस्त्री होऊन घडी घालून ठेवलेली. मास्तर आत चहाला गेलेले. मी पडद्यामागून म्हणालो, "उद्या या." ते बिचारे निघून गेले. बाई म्हणाल्या, "बघा, तुमचा वारसदार तयार झाला." आठवडाभर काकूंनी ही गोष्ट सगळ्या जिन्याला पुरवली.

आता पंखांचं. मी घरभर उडायला लागलो होतो. वर पंखा, खाली तापलेली इस्त्री. ताईचा जीव खालीवर व्हायचा. मग मास्तरांनी कापडाची कात्री घेतली. ताईनं डोळे मिटून मला धरलं. दुसरा कुणी असता तर सरसकट कापून मोकळा झाला असता, पण मास्तर पडले कारागीर. त्यांनी बाहेरची दोन लांब पिसं प्रत्येक बाजूला तशीच ठेवली आणि आतली सात-सात कापली, एका रेषेत. पंख मिटला की ती दोन पिसं वर येतात आणि आतलं सगळं झाकलं जातं. "फिनिशिंग म्हणतात याला," मास्तर म्हणाले. "कळणारसुद्धा नाही."

खरंच कुणाला कळलं नाही. पुढे त्यांना स्वतःलाही कळेनासं झालं.

वर्षातून एकदा जुनी पिसं गळतात, नवी येतात, आणि ती आली की कात्रीही येते, असं चालू राहिलं. मला त्याचं दुःख नव्हतं. ताईचा खांदा होता, तिथून मला कुठे जायचं होतं?

तिसऱ्या वर्षी माझ्या गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ उमटली. सगळ्यांनी कौतुक केलं, दाढीमिशा फुटलेल्या मुलाचं करतात तसं. पण रेघेबरोबर आत काय आलं ते मला कुणी समजावलं नाही, त्यांनाही कुणी समजावलं नव्हतं. रक्त तापल्यासारखं व्हायचं. खाल्लेला घास परत वर काढून ताईला भरवावासा वाटायचा. ती "शी, बटण्या" म्हणत हात पुसायची आणि मी दुखावून बसायचो. अंधारी, अरुंद जागा दिसली की आपली वाटायची. मशीनखालचा कप्पा मी असाच धरला. त्यात मास्तरांच्या दोरा गुंडाळलेल्या बॉबिन असतात. मी चिंध्या ओढून आत नेऊ लागलो. घर मांडत होतो मी. कुणासाठी, ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

आणि त्याच सुमारास ताईला दूरच्या गावी नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी पुन्हा कात्री चालवली. "आता तू नाहीस, उडाला तर पकडणार कोण?" असं म्हणत. त्याला पाच महिने झाले.

ताई घरी यायची त्या वेळेला, संध्याकाळी सहाला, मी तिला हाक मारायला लागलो. दोन दिवस मारली, ती आली नाही. मग जोरात मारली. ती लांब गेलीय म्हणजे अजून जोरात मारायला हवी, एवढाच माझा हिशेब. बाई पिंजऱ्यावर चादर टाकायच्या. "डोकं उठवलं यानं. लहान होता तेव्हा किती गुणाचा होता." मी तोच होतो, बाई. लहान असताना हाक मारली की ताई यायची, म्हणून गुणाचा वाटायचो.

गेल्या आठवड्यात शाळेच्या गणवेशांची घाई होती. मास्तरांनी न बघता कप्प्यात हात घातला. त्यांना बॉबिन हवी होती, मला वाटलं माझं घर मोडायला आले. मी चावलो. या वेळी कुणी हसलं नाही. उजव्या हाताचं बोट, सुई टोचू नये म्हणून ज्यावर अंगुस्तानाची टोपी चढते तेच. पांढऱ्या शर्टावर रक्ताचे थेंब पडले. मास्तर मला ओरडलेही नाहीत. बोटाला चिंधी गुंडाळून त्यांनी शर्ट धुवायला घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जेवताना बाई म्हणाल्या, "अहो, सोडून देऊ त्याला. त्याच्या जातीची पाखरं आहेत टाकीमागे. कुढतोय इथे. मोकळा होईल."

"पंखांचं काय?"

"पाच महिने झाले की. तुम्ही केस कापलेत तर पाच महिने तसेच राहतात का?"

"हो, तेही खरंच," मास्तर म्हणाले. "वाढली असतील एव्हाना. मिटलेली छान भरघोस दिसतायत."

कापलेलं पीस वाढत नाही हो, मास्तर. ते खुंट होऊन बसतं, आणि खुंट गळून पडल्याशिवाय नवं येत नाही. माझे खुंट अजून जागेवर आहेत. भरघोस दिसतंय ते तुमचं फिनिशिंग.

ताईला फोन करावा असं मास्तरांच्या मनात आलं होतं. बाई म्हणाल्या, "नको, रडेल. झाल्यावर सांगू." ताईला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं.

उरल्या काकू. चार दिवसांपूर्वी मशीनच्या टेबलावरून मी खिडकीकडे झेप घेतली आणि ओल्या कापडासारखा खाली आदळलो. त्या वीतभर फटीतून काकूंनी ते पाहिलं. पडलो तेव्हा पंख उघडला होता, खुंटही पाहिले असणार. म्हणून काल त्या साखर मागायला रिकामी वाटी घेऊन आल्या. त्यांच्या घरी साखर असते, हे सगळ्यांना माहीत आहे.

"वहिनी, मी काय म्हणते, त्या बटण्याचे पंख जरा…"

बाईंचं रात्रंदिवस गणवेशांत डोकं, त्यात मास्तरांचं बोट. त्या एकदम म्हणाल्या, "काकू, प्रत्येक गोष्टीत बोललंच पाहिजे का? तुमच्या घरचं तुम्ही बघा ना. आमचं आम्ही बघतो."

काकूंचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना. "बरं बाई," एवढंच म्हणाल्या. वाटी ओट्यावरच राहिली. कालपासून त्यांचं दार बंद आहे, मी जन्माला आल्यापासून पहिल्यांदा.

तरी आज जिन्यात सगळ्यांच्या आधी चपला घालून उभ्या होत्या. इथवर आल्या, पण बाईंपासून चार हात लांब. पर्स छातीशी धरलीय, ओठ घट्ट मिटलेत.

मास्तर पिंजऱ्यावर टिचकी मारतायत. "जा रे. जा. रागावलो नाही मी." त्यांच्या बोटाला अजून पट्टी आहे.

मला येतं तेवढं मी बोललो. "उद्या या," म्हणालो. बाईंना हसू आलं, मग त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

टाकीच्या सावलीत एक मांजर बसलंय. ते मघापासून माझ्याकडे बघतंय. त्याला अजिबात घाई नाही.

मग मी ते केलं जे तीन वर्षांत केलं नव्हतं. पिंजऱ्याच्या तळाशी पोट टेकलं, दोन्ही पंख अर्धवट पसरून थरथरवले आणि पिल्लाच्या आवाजात मागितलं. पंख थरथरवले की कुणीतरी धावून येतं ना.

"बघा, पंख फडफडवतोय," बाई म्हणाल्या. "किती घाई झालीय त्याला."

मास्तरांनी पिंजरा उचलून तिरका केलाय. मी दोन्ही पायांनी दांडी धरलीय, चोचीनं गज धरलाय. किती वेळ धरवेल सांगता येत नाही.

मास्तर, शर्ट शिवून झाला की तुम्ही तो उलटा करून शिवण तपासता. त्याशिवाय एक नग दुकानाबाहेर जाऊ देत नाही. मग माझा पंख एकदा उलटा करून बघा. तुमचंच काम आहे ते, ओळखाल तुम्ही.

मला चावरा म्हणा, वेडा म्हणा, कप्पा काढून घ्या, सहाच्या आधी चादर टाका. नवी पिसं येईपर्यंत ठेवा. मग हवं तर स्वतः उडून जाईन, तुम्हाला पिंजरा तिरका करावा लागणार नाही.

त्यांना ऐकू जात नाही. काकू, तुमची नजर मात्र माझ्या पंखांवर खिळलीय. ओठ हलतायत, पुन्हा मिटतायत. कालचा शब्द लागलाय तुम्हाला, कळतंय मला. पण आयुष्यभर तुम्ही न बोलावता सगळ्यांच्या घरात आलात, नको नको म्हणताना बोललात, आणि आज एक दिवस शहाण्यासारखं वागायचं ठरवलंत. तो आजचाच का निवडलात? मांजर उठून उभं राहिलंय, काकू. माझा एक पाय सुटला. नाक खुपसा.