दोन खळग्यांची डबी

"आधी हात. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग पुसायचे, कोरडे ठणठणीत. तोवर डबीच्या झाकणाला हात लावायचा नाही."

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे, कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायची. मला दोन खळगे आहेत आणि दोन फिरकीची झाकणे. उजवे हिरवे, डावे पांढरे. साच्यातून एका दिवसात माझ्यासारख्या हजारो डब्या बाहेर पडतात, आणि आमचे आयुष्य तीन महिन्यांचे असते. मी मात्र दोन वर्षे जगले. ते कसे, आणि ते कोणाला भोवले, हेच सांगायला बसले आहे.

पहिल्यांदा माझ्यात लेन्स उतरली तेव्हा मला ती दिसलीच नाही. औषधाच्या पाण्यात पाण्याचाच एक तुकडा पडावा तशी ती होती. एवढ्याशा निराकार गोष्टीने माणसाला जग दिसते, हे मला खरे वाटेना.

माझी मालकीण कपडे शिवते. गिऱ्हाईक तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते. लहानपणापासून तिला जाड भिंगांचा चष्मा. मशीनवर वाकले की तो नाकावरून घसरायचा. "चष्मा सावरू का कापड? मला तिसरा हात दिला असता तर बरं झालं असतं," असे ती म्हणायची. म्हणून तिने लेन्स घेतल्या.

पहिल्या दिवशी उजवी लेन्स बसायला पाऊण तास लागला. बोट जवळ आले की डोळा आपोआप मिटायचा. ताई चिडली, पण मी त्या पापणीकडे बघतच राहिले. कोणी न सांगता, क्षणही न दवडता ती आपल्या धन्याच्या राखणीला धावत होती. असा पहारेकरी ज्याने नेमला, त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. ताईची आई दारात उभी राहून म्हणाली, "अगं, डोळा आहे तो, काज नाही. घुसवू नकोस, बसू दे."

शेवटी बसली. ताई गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आलीच नाही. मग हळूच म्हणाली, "आई, समोरच्या झाडाची पानं सुटी सुटी आहेत गं."

ते वाक्य ऐकले आणि आपला जन्म कशासाठी आहे ते मला कळले.

पुढचे काही महिने ताईने दुकानातल्या बाईंचा शब्द व्रतासारखा पाळला. चुका व्हायच्या, पण त्या हसून सोडण्यासारख्या. एकदा डावी लेन्स हरवली. आईने केरसुणीला हात लावायचा नाही अशी घरभर ताकीद दिली आणि मायलेकी रांगत रांगत फरशी चाचपू लागल्या. दुपारी कळले की दोन्ही लेन्स उजव्या डोळ्यातच, एकीवर एक, गुण्यागोविंदाने बसल्या आहेत. कधी लेन्स उलटी घातली जायची. "कापडाची उलटी-सुलटी बाजू मी डोळे मिटून सांगते, हिची काही कळत नाही," असे ताई कुरकुरायची. आणि एकदा तर आईनेच मला भांड्यांच्या साबणाने लख्ख घासून खिडकीत वाळत ठेवले. त्या सकाळी ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या. आईने एवढेच म्हटले की, भांडे म्हटले की मी घासणारच.

नेम मोडतो तो एकदम नाही, मित्रांनो. एक टाका सुटतो, आणि कापड तसेच धरून राहिल्यासारखे वाटते.

ताई घाईत हात धुण्याऐवजी अंगावरच्या कपड्याला पुसू लागली. खळग्यातले शिळे औषध ओतून न देता त्यावरच नवे घालू लागली. औषधाच्या प्रत्येक बाटलीबरोबर एक नवी डबी मिळायची. पण शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाती झाकणाची छोटी डबी लागली तर ती रिकामी कशी राहील? एकीत हुक गेले, दुसरीत टिचबटणे, तिसरीत मशीनच्या सुया. एक-दोन डब्या पाकिटातच राहिल्या, पुढच्या हुकांसाठी. डोळ्यांच्या वाट्याला मीच. "ही चांगली आहे की अजून," असे म्हणून ताई मला पुन्हा फळीवर ठेवायची, आणि मला केवढा अभिमान वाटायचा. माझ्या तळाशी एक बुळबुळीत थर धरला होता. मला ते माहीत होते. मी त्याला वयाची खूण समजत होते.

आणि मग ती सवय. सुईत दोरा ओवण्याआधी ताई त्याचे टोक ओठांत धरून ओले करते. तिची आई करते, शिवण शिकवणाऱ्या बाईही करायच्या. एके दिवशी गिऱ्हाईक ब्लाउज घालून बघायला उभे असताना ताईची लेन्स मांडीवरच्या कापडात पडली. तिने ती उचलली, दोऱ्यासारखी जिभेवर टेकवली आणि सरळ डोळ्यात घातली. काही झाले नाही. म्हणून पुन्हा केले. मग ते रोजचेच झाले.

ताईला एक धाकटी बहीण आहे, लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. ताई लहानपणापासून तिच्या अभ्यासापासून वेणीपर्यंत सगळ्यात चुका काढायची, म्हणून धाकटी तिला 'हेडबाई' म्हणते. धाकटीनेही लेन्स घेतल्या तेव्हा हेडबाईंनी फोनवर धडा दिला, "औषध नसलं तर अडून बसू नकोस. तोंडात धरायची आणि घालायची. मी वर्षभर तेच करतेय, मला काय झालंय?"

दोन महिन्यांनी ताईचा उजवा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. आई लेन्स बंद करायला लावील म्हणून ताईने ते लपवले आणि लेन्स घालतच राहिली. डाव्या मुंड्याला उजवी बाही जोडली गेली, ती गुपचूप उसवली. चौथ्या दिवशी ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा पाच वेळा सुईच्या बाजूने गेला. आईने तिच्या हातातून सुई घेतली, ओवली, मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "चल."

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी फोनवरच मलाही सोबत आणायला सांगितले होते. त्यांनी ताईची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि निळ्या उजेडाची एक फट डोळ्यावर पाडली. शेजारच्या पडद्यावर डोळा उमटला. मित्रांनो, दोन वर्षे मी त्याची शेजारीण होते, पण तो असा कधी पाहिला नव्हता. बाहुलीच्या भोवती रेशमाच्या धाग्यांसारख्या तंतूंची गुंफण, वर काचेहून नितळ पडदा, आणि त्या पडद्याच्या कडेला एक पांढरा ठिपका. तिथे जखम झाली होती.

बाईंनी माझ्या तळाशी कापसाची काडी फिरवली आणि विचारले की, डबी किती जुनी? ताईने खाली बघत सांगितले. ज्या दोन वर्षांचा मला अभिमान होता, ती त्या खोलीत किती लाजिरवाणी वाटली. बाई म्हणाल्या की, तोंडातले आणि डबीतले, दोन्हीकडचे जंतू डोळ्यात रोज जात होते.

"डोळा वाचेल ना?" आईने विचारले.

"ठिपका मधोमध सरकला तर नजर जाईल. आज शब्द देत नाही. दर तासाला थेंब, आणि लेन्स बंद." मग त्या ताईकडे वळल्या. "असं तोंडात धरायला कोणाला शिकवलंत का?"

ताई म्हणाली, "धाकट्या बहिणीला."

"मग तिला आजच थांबवा."

"आज थांबवते. आणि डोळा उघडला की स्वतः जाऊन सांगते."

बाहेर येताच तिने फोन केला. सध्या लेन्स घालू नकोस, का ते येऊन सांगते. धाकटी हसली, हेडबाईंचा हुकूम म्हणाली, पण ऐकले तिने.

नंतरचे दिवस आईचे होते. दर तासाला ती उठायची, हात धुवायची, पुसायची आणि एक थेंब सोडायची. कुरकूर नाही, घाई नाही. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फळीवर ठेवले होते, तिथून मी बघत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या की, ठिपका वाढलेला नाही. पुढच्या तपासणीत त्यांनी दाखवले, जखम कडेकडून आपली आपण भरत येत होती. कोणाच्या हातात सुई नव्हती, आणि तरी अदृश्य रफू चालला होता. ताई जन्मभर कापड जोडत आली, पण असा रफू तिने कधी पाहिला नव्हता, हे ती घरी येऊनही सांगत राहिली. पंधरा दिवसांनी कडेला एक बारीकसा व्रण उरला. नजर वाचली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की, आम्हाला जपा. माझी विनवणी उलटी आहे. मला वेळेवर टाकून द्या. माझ्यात नळाचे पाणी भरू नका, शिळ्यावर ताजे ओतू नका, माझी माया करू नका. जपायची गोष्ट माझ्यात नाही, ती तुमच्या पापणीमागे आहे, आणि ती कोणत्याही साच्यातून पुन्हा निघत नाही.

आज सकाळी ताईने जाड भिंगांचा चष्मा घातला आहे. तिने धाकटीसाठी खणातून पाकीटबंद नवी डबी काढून पर्समध्ये ठेवली, आणि तिला दाखवायला पिशवीसकट मलाही. आई म्हणाली की, एवढ्या उन्हात कशाला जातेस, फोनवर सांगून झालंय की.

"थांब म्हणून सांगितलंय," ताई चपला घालत म्हणाली. "माझं चुकलं, हे कुठे सांगितलंय?"

पर्सची चेन लागली. दार हळूच ओढले गेले, आणि कठड्याला धरून ताई एकेक पायरी उतरू लागली.