सहीवरची पट्टी

सुमेधावहिनींना धाकट्या जावेचं काहीच बघवत नसे. सुलक्षणा साउथहॅम्प्टनला आली ती त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, तरी तिथल्या मराठी मंडळात दोन वर्षांत तिचं नाव झालं आणि वहिनी मात्र डॉक्टर यशोधनच्या मिसेसच राहिल्या. त्यात सुलक्षणाचे आजोबा काळ्या पाण्यावर गेलेले. अंदमान म्हटलं की आपल्या लोकांचे हात आपोआप जोडले जातात. कशासाठी गेले होते, हे कुणी विचारत नाही.

खरं तर वहिनींचे आजोबाही अंदमानातच होते. "खोबरेलाचा व्यापार होता त्यांचा तिकडे," असं त्या सांगत. हे धडधडीत खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. कैदी कोलू ओढून तेल काढत, सरकार ते कलकत्त्याला विके आणि हे आजोबा, गोविंद खांबेटे, तुरुंगाच्या कोठारात ते तेल मोजून घेत. साहेबाचे पगारी कारकून. माहेरी हे सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी कुणालाच नाही.

१९९२ साली 'चले जाव'ला पन्नास वर्षं झाली म्हणून मंडळाने ऑगस्टमध्ये प्रदर्शन ठरवलं. सेक्रेटरी शशिधर मे महिन्यात वहिनींकडे जेवायला आला आणि तिसरी पुरणपोळी ताटात पडल्यावर म्हणाला, "वहिनी, सुलक्षणाला सांगाल का, आजोबांचा तो लाकडी बिल्ला आण म्हणून? We'll put it right in the centre."

वहिनींनी त्याला चौथी पोळी वाढली नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी लंडन गाठलं. जुन्या हिंदुस्थान सरकारचे कागद जिथे बघायला मिळतात त्या लायब्ररीत त्या चार वेळा गेल्या. कैद्याच्या गळ्यातल्या त्या बिल्ल्यावरचा नंबर त्यांना पाठ होता. सुलक्षणाच्या दिवाणखान्यात बसून त्यांनी इतक्या वेळा त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं होतं. चौथ्या खेपेला शिक्षांच्या रजिस्टरात तो नंबर सापडला. विष्णू सखाराम, गुन्हा खून, जन्मठेप. तेल अर्धा पौंड कमी भरलं, सात दिवस उभी हातकडी, म्हणजे हात भिंतीला वर अडकवून दिवसभर उभं राहायचं.

खून! वहिनींना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण थोडीच. मग त्यांची नजर पानाच्या तळाशी गेली. तेल मोजणाऱ्याची सही होती, गो. ना. खांबेटे, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली. ती सही माहेरच्या जुन्या पत्रांवर त्यांनी लहानपणापासून पाहिली होती.

त्यांनी पानाची फोटोकॉपी मागवली. ती आल्यावर यशोधनच्या दवाखान्यातल्या मशीनवर, सहीवर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून, तिची दुसरी कॉपी काढली. ही शशिधरला द्यायची, अगदी सहज, माहितीसाठी म्हणून. पहिली घरी ठेवली तर यशोधनच्या हाती लागेल, म्हणून दोन्ही कॉप्या पर्समध्ये ठेवल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. वहिनी शशिधरला गाठणार तेवढ्यात त्याने सुलक्षणाला माइक दिला.

"हा बिल्ला माझ्या आजोबांचा," ती म्हणाली. "पण आज एक गोष्ट सांगायलाच हवी. ते देशासाठी गेले नव्हते. त्यांनी चुलतभावाचा खून केला. त्याचं सगळं बरं चाललेलं त्यांना बघवत नव्हतं, एवढंच कारण. तुम्ही सगळे नमस्कार करता आणि मी गप्प बसते, that's not right. त्यांचा फोटो नाही आमच्याकडे, नावाचा एक कागदसुद्धा नाही. आई शेवटपर्यंत शोधत होती."

टाळ्या सुरू झाल्या. बायका डोळे पुसायला लागल्या, शशिधर तर उभाच राहिला. वहिनींचं अंग जळत होतं. आजोबा खुनी निघाला तरी कौतुक हिचंच! पण टाळ्या थांबल्यावरही एक वाक्य त्यांच्या कानातून जाईना. बरं चाललेलं बघवत नव्हतं. ते जणू कुणी त्यांचं नाव घेऊन म्हटलं होतं.

थोड्या वेळाने सुलक्षणा चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याकडे आली. "वहिनी, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं? आपल्या घराचं नाव आलं म्हणून."

वहिनींनी पर्स उघडली. पट्टीची कॉपी वरच होती. ती दिली तर जाऊ जन्मभर उपकार मानणार होती आणि खांबेट्यांचं नाव झाकलेलंच राहणार होतं. हात आधी तिच्यावरच गेला. मग त्यांनी खालचा कागद काढला आणि दिला.

सुलक्षणा ओळीओळीवर बोट ठेवून वाचत होती. आजोबांच्या नावावर तिचं बोट बराच वेळ थांबलं. मग ते खाली सरकत सहीपाशी आलं. वहिनींचं माहेरचं आडनाव तिला माहीत होतं.

"सात दिवस," ती म्हणाली. "कितीसं तेल कमी होतं, वहिनी?"

कागद तिच्या हातात होता, पण भरल्या डोळ्यांनी आता तिला तो वाचता येत नव्हता.

"अर्धा पौंड," वहिनी म्हणाल्या. "माझ्या आजोबांनी मोजलं होतं."