सोडण्याची जागा

"दादा, खाली आलं ते," नागू ओरडला.

पक्षी लॉनवरून उडाला, कुंपणापर्यंत गेला आणि पलीकडच्या भाताच्या खाचरात पडला. दत्ता म्हसे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला. काळपट पाठीवर पांढरे ठिपके, लांब पंख, दुभंगलेली शेपटी. पक्ष्याने चोच उघडली, पण चावला नाही.

आदल्या दिवशी, वादळी वारा ओसरल्यावर, तो याच लॉनवर नागूला सापडला होता. नागू खालापूरकडच्या या फार्महाऊसचा राखणदार, वरच्या वाडीतला ठाकर. त्याने दत्ताला बोलावलं, कारण साप असो की घुबड, सगळे दत्तालाच बोलवत. दत्ता कडावचा, धंदा वायरिंगचा. पण लोकांच्या लेखी तो आधी सर्पमित्र. पकडलेला साप तो सापडल्या जागेजवळच्याच रानात सोडी. लांब नेलेला साप बिळाच्या शोधात भटकत मरतो, हे त्याने पाहिलं होतं. हा नियम त्याने कधी मोडला नव्हता. म्हणून वनरक्षकाला कळवून, पक्ष्याला रात्रभर खोक्यात ठेवून, सकाळी त्याने तो याच लॉनवर सोडला.

"समुद्राचा हाय म्हणतात," नागू म्हणाला. "इकडं कुठं आला मरायला?"

"वाट त्याला ठावी असते रं. जाईल."

ओम्नी गाडीत बसलेली दत्ताची मुलगी रिया काचेतून बघत होती. तिला आज सासरी सोडायचं होतं, अलिबागच्या पुढे. वादळातच ती एकटी एसटीने माहेरी आली होती. तिच्या दंडावर बोटांचे वळ होते. दत्ताने जावयाशी फोनवर बोलून घेतलं. मनोज म्हणाला, पुन्हा होणार नाही. घरात पक्कं ठरलं, वारा थांबला की सोडून यायचं.

दत्ताने कर्जतच्या रोहिणी मॅडमना फोन लावला. त्या पक्ष्यांचा अभ्यास करायच्या. आज पुण्यात होत्या. त्याने पाठवलेला फोटो त्यांनी मोठा करून बघितला.

"सुरय आहे, समुद्रावरचा. या वर्षीचंच पिल्लू. तुम्ही सोडलंत त्याला?"

"मिळाला तिथंच सोडला."

"तिथे तो राहत नव्हता, दत्ताभाऊ. वाऱ्याने आणून टाकलाय. सूर्य, तारे, पृथ्वीची चुंबकशक्ती, हे पक्षी सगळ्याचा आधार घेतात. कुणी न दाखवता अर्धा समुद्र ओलांडतात. पण चार दिवसांचा उपाशी आहे तो. दिशा कळून काय करेल? छातीचं हाड हाताला लागतंय का बघा."

दत्ताने बघितलं. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं. काल त्याने तिथे हातच लावला नव्हता.

"आज कुठेच सोडू नका. अलिबागला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. खाऊ घालतील, ताकद आली की किनाऱ्यावरून वाऱ्याकडे तोंड करून सोडतील."

"तिकडंच चाललोय," दत्ता म्हणाला.

रियाने खोकं मांडीवर घेतलं. गाडीने खारपाड्याचा पूल ओलांडला. पेणच्या बाजारात दत्ताने बोंबील घेतले. तिने नखाने बारीक तुकडे करून चोचीत सरकवले. पक्ष्याने एक गिळला. दुसरा बाहेर टाकला.

"काल का नाय बघितलंत, पप्पा? हाडाचं?"

"जागा बरोबर होती ना. मला वाटलं, बाकीचं त्याचं तो बघून घेईल."

"हं."

"तू पण जरा सांभाळून घे गं. नवं घर हाय. माणूस हळूहळू रुळतं."

रिया खोक्याच्या फटीत बघत राहिली. "मी रुळले होते," ती म्हणाली. "म्हणून तर इतके दिवस आले नाय."

दत्ताने गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

कार्ले खिंडीच्या उतारावर तिने झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "गाडी थांबवा."

पक्ष्याची मान एका बाजूला पडली होती. खिडकीतून खारा वारा येत होता. समुद्र आता फार लांब नव्हता. दत्ताने डॉक्टरांना फोन करून येत नसल्याचं सांगितलं. खोकं मागच्या सीटवर ठेवलं, वर आपला टॉवेल टाकला. मग तो पुन्हा स्टिअरिंगवर येऊन बसला. "मीच घालवलं," एवढंच बोलला.

सासरच्या अंगणात मनोज चपला घालतच पुढे आला. "या मामा! गाडीत साप नाय ना आणला?" स्वतःच हसत त्याने रियाची बॅग घ्यायला हात पुढे केला.

सासूबाई दारात आल्या. "गेला का गं रुसवा? बसा व्याही, चहा टाकते."

दत्ता बसला नाही. पडवीबाहेरच्या दोरीवर रियाचे दोन ड्रेस आणि एक ओढणी लोंबत होती. पावसाने जड झालेली, कडांना हिरवट बुरशी धरलेली. आत पडवीतल्या दोरीवर मनोजचे शर्ट कोरडे होते.

"हे कधीचे?" त्याने विचारलं.

"तिचेच की," सासूबाई म्हणाल्या. "गेली त्या दिवशीचे. टाकून गेली तशीच. कोण काढणार?"

मनोजने बॅगेचा पट्टा धरला होता. दत्ताने दुसरा सोडला नाही. थोडा वेळ दोघंही ती बॅग धरून उभे राहिले. मनोजच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"रिया," दत्ता म्हणाला, "कपडे काढ गं ते."

"आतल्या दोरीवर टाक," मनोज म्हणाला. "बाहेर वाळायचे नाय."

"आत नाय," दत्ता म्हणाला. "गाडीत."

सासूबाई काही तरी मोठ्याने बोलू लागल्या. शेजारच्या अंगणातली बाई झाडू मारायची थांबली. रियाने वडिलांकडे एकदा नीट बघितलं. मग ती दोरीपाशी गेली. एकेक कपडा काढून तिने पिळला, घडी केली आणि खांद्यावर घेतला. पाणी तिच्या पाठीवरून गळत होतं. चिमटे त्या घरचे होते. ते तिने एकेक करून परत दोरीला लावले.